डब्यातली नदी

मेटिसेनमामा डबा कानाशी धरून हलवतो.
रिकामा. पार्बो बिअरचा, कडेला चेपलेला.
"यात नदी आहे म्हणतेस?"
आहे. ऐक तरी.

पारानामच्या भट्टीवर एकोणीस वर्षं काढलीस तू,
तुला मी काय सांगणार
त्या कढया कशी वीज प्यायच्या,
रात्रंदिवस, सणावारी, तुझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा.
वीज धरणाची. धरण आपल्या नदीवर.
आणि धरणाच्या पोटात आपलं गाव.
अजून तळ्यातून झाडांचे शेंडे वर आलेले दिसतात,
पान नाही, साल नाही,
वर्गात कुणी कधीचा हात वर करून बसावं
आणि मास्तरांनी बघूच नये, तसे.

मामा डबा खाली ठेवतो.
त्याच्याकडे गप्प बसायचे चार प्रकार आहेत.
हा तिसरा.

मी कात्रीनं डबा कापते, तो रंग खरवडून देतो.
शिवाय खिडकीची मोडकी चौकट,
कोफीच्या होडीचा, खडकावर फाटलेला पत्रा.
अॅल्युमिनियम पाण्याला भीत नाही,
अंगावर न दिसणारी एक साय धरतं
आणि तिच्याआड वर्षानुवर्षं कोरडं राहतं.
(आमच्या घरात अशी दोन माणसं आहेत.)
ती साय फाडायला गॅलियम लागतं.
पारामारिबोहून कुपी मागवली,
दोन महिन्यांच्या तांदळाचे पैसे गेले.
पुस्तकात लिहिलंय, मंद आचेवर वितळवा.
पुस्तक थंड देशातलं.
आमच्याकडे नुसती दुपार पुरते.

चकाकता थेंब घरंगळला तसा मामा ओरडला,
"हात लावू नकोस!"
त्याला वाटला पारा,
वरच्या ओढ्यांवर सोन्यामागे लागलेल्यांनी
माशांच्या पोटात उतरवलेला.
"पारा नाही मामा, त्याचा शहाणा भाऊ."
"भाऊ म्हणजे घराणं तेच,"
म्हणाला, आणि स्टूल मागे सरकवून बसला.

चोळलं. थांबलो. साय सुटली.
मग बाटलीतल्या पाण्यात.

थोडा वेळ काहीच नाही. मामा जांभई देतो.
आणि एकदम बुडबुडे, बाटली गरम,
इतकी गरम की फडक्याशिवाय धरवेना.
पाण्यातला प्राणवायू धातू ओढून घेत होता,
भट्टीत हिसकावलेलं परत मागावं तसा, व्याजासकट,
आणि उरलेला हायड्रोजन नळीतून वर.
पहिल्या खेपेला काडी लावली, नुसतं फट्,
शेजारच्या कोंबड्या संध्याकाळपर्यंत रुसल्या.
दुसऱ्या खेपेला सेलमध्ये सोडला.
बोटाएवढा दिवा लागला.
अकरा मिनिटं.

मला शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू.
मामा दिव्याकडे बघतच नव्हता.
बाटलीच्या तळाचा राखाडी गाळ
त्यानं चिमटीत धरून चोळला.
"माती आहे ही. जहाजात भरायचो ती.
हिचा लाल रंग कुठं गेला?"
लाल रंग कारखान्यामागच्या डबक्यात राहिला, मामा.
"हं."

सेलच्या दुसऱ्या टोकाला एक थेंब लोंबत होता.
हायड्रोजनचं शेवटी पाणीच होतं.
त्यानं तो तळहातावर घेतला, जिभेला लावला.
मी वाट बघितली.
"चव नाही," तो म्हणाला.
"आपल्या घाटाच्या पाण्याला होती.
कुजलेल्या पानांची. थोडी साबणाची,
आई वरच्या दगडावर धुवायची ना."
दिवा विझला तेव्हा आम्ही अंधारात होतो
आणि दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

सकाळी दारात पोतं.
झाकणं, चमचे, पंख्याची दोन पाती,
कुणाच्या तरी मोटारीचं चाक.
अगदी वर एक पातेलं, बूड गेलेलं,
कानाला तांब्याची तार गुंडाळलेली.
बुडायच्या आधल्या दिवशी होडीत घातलेल्या
सामानातलं.
मी त्याला हात घातला.

"ते नाही," मामा म्हणाला.
"ते फक्त दाखवायला आणलंय."